पट्टा लाल झाला

ओजस्विनी धैर्यशील बाबर, वय वर्षं पंधरा, इयत्ता नववी, हिची पाठ मातीला लावणारी पोरगी तालुक्यात अजून जन्माला यायची होती. त्या दिवशी तिला पाडलं ते एका पट्ट्यानं.

बोरखिंडीच्या शाळेच्या मैदानावर जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी चाळीस पोरी रांगेत उभ्या होत्या. आधी वजन, मग पट्टा, मग कुस्ती. वजनकाट्यावरच ओजीचं डोकं फिरलं. महिनाभर तिला जेवण जात नव्हतं, दोन भाकरी खाणारी पोरगी अर्ध्या भाकरीवर आली होती, आणि काटा मात्र दोन किलो जास्त दाखवत होता.

"हवा खाऊन फुगलीस काय गं?" मागची कवठेकरांची पोरगी म्हणाली.

"मातीत ये, हवा कुणाची जाते ते दावते," ओजी म्हणाली.

मुमताजताई मुलाणी गावच्या आशा सेविका. वीस वर्षं त्या कामात होत्या, आणि गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनी जन्मायच्या आधीपासून ओळखलं होतं. त्यांनी ओजीचा अंगठा पट्ट्याच्या बकलावर टेकवला. नाव आलं, वय आलं, मुलगी असल्याची खूण आली. मग त्यांनी पट्टा तिच्या पोटाला गुंडाळला. बाकीच्या पोरींच्या पोटावर तो चाळीस सेकंद गुणगुणायचा, हिरवा व्हायचा आणि गोड आवाजात सांगायचा, "पोट ठीक आहे. पाणी जास्त प्या." ओजीच्या पोटावर तो वीस सेकंद गुणगुणला, गप्प झाला आणि लाल झाला.

"क्षमस्व," पट्टा म्हणाला. "कायद्यानुसार पुढील चित्र दाखवता येणार नाही. कृपया मान्यताप्राप्त केंद्राशी संपर्क साधा."

मैदानावर एवढी शांतता पसरली, की शिट्टी वाजवणाऱ्या सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडलेली ऐकू आली. मग कवठेकरांची पोरगी फिदीफिदी हसली.

"पेढे कधी?"

ओजीनं तिला जागच्या जागी उचलून आपटलं. शिट्टी नव्हती, आखाडा नव्हता, वजनकाट्याजवळच्या सिमेंटवरच. पोरीचा खांदा निखळला. ओजीचं नाव यादीतून गेलं, आणि गावातल्या प्रत्येक फोनवर चढलं.

आता हे पट्ट्याचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच रानटीपणा वाटेल. (रानटीपणा होताच, पण उगाच नव्हता.)

पट्ट्याच्या आतल्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढे दोनशे स्फटिक असतात. त्यातून आवाज निघतो, इतका बारीक की कुत्र्यालासुद्धा ऐकू येत नाही. तो आवाज पोटात शिरतो, यकृतावर, आतड्यावर, मुतखड्यावर आपटतो आणि परत येतो. विहिरीत हाक मारली की पाणी किती खोल आहे ते कळतं ना, तसंच. आलेल्या प्रतिध्वनींचं पट्टा चित्र बनवतो, आणि ते लाखो पोटांच्या चित्रांशी ताडून बघतो. पट्टे गावोगाव आले आणि अपेंडिक्स फुटून दवाखान्याच्या वाटेवर पोरं मरायची थांबली. झकास शोध होता, त्यात वादच नाही.

भीती एकच होती. गावोगाव पोटात डोकावणारा डोळा पोचला, तर लोक आधी बघणार काय? मुलगा की मुलगी. याबाबतीत आपल्या लोकांचा लौकिक काही बरा नाही. म्हणून कायदा झाला, की पट्ट्यानं गर्भ बघायचा नाही. पण गर्भ न बघता तो गर्भ आहे हे ओळखायचं कसं? बनवणाऱ्यांनी एक ढोबळ नियम घातला. बाई किंवा मुलगी असेल, वय नऊ ते पंचावन्न असेल, पोटात कुठेही पाण्यानं भरलेली पिशवी असेल, आणि पिशवीच्या आत आणखी काही लहानसं असेल, तर डोळा मिटायचा. चित्र पुसायचं. एक गर्भ दिसण्यापेक्षा शंभर वेळा उगाच डोळा मिटलेला बरा, असा त्यांचा हिशोब. तुरुंगात कुणाला जायचं होतं?

थोडक्यात, लाल दिव्याचा कागदोपत्री अर्थ एवढाच होता, की "आम्हाला बघायची परवानगी नाही, मोठ्या दवाखान्यात जा." पण आपली माणसं कागद कधी वाचतात? नव्या सुनेच्या पोटावर पट्टा लाल झाला, की सासू नाचत बाहेर यायची. हलवाई तर पट्टे बांधायच्या दिवशी जास्तीचा खवा आणून ठेवायचा. आठ वर्षांत "दिवस गेले" हा शब्दप्रयोग मागं पडला. "पट्टा लाल झाला" म्हणायचं, झालं. कायद्यानं पट्ट्याला मुकं केलं होतं, आणि गावानं त्या मुकेपणाचं भाषांतर करून टाकलं होतं.

ओजी घरी पोचायच्या आधी भाषांतर पोचलं होतं.

दारातच आईनं, संगीतानं, तिच्या कानाखाली वाजवली. मग तिला मिठी मारली. मग परत वाजवली.

"पाळी कधी आली होती तुझी? खरं सांग."

"दोन म्हैनं न्हाय आली. पण आई, स्पर्धेच्या आधी असंच हुतं की गं. गेल्या साली पण..."

"गेल्या साली पट्टा लाल झाला न्हवता!"

आतून रणवीर आला. तिचा भाऊ, वय एकोणीस, वजन सत्तर, गेल्या जत्रेतल्या मानाच्या गदेचा मानकरी. उजव्या हाताची बोटं सोललेली, शर्टावर रक्त. ते त्याचं नव्हतं.

"संकेतचं डोस्कं फोडून आलोय," तो म्हणाला. "त्यो न्हाय म्हणतोय. मग कोण हाय त्यो? नाव सांग."

संकेत पवार म्हणजे तालमीत ओजीबरोबर सराव करणारा पोरगा. तो आयुष्यात ओजीशी मोजून तीन वाक्यं बोलला असेल, आणि त्यातली दोन "आई गं" आणि "सोड की" अशी होती.

"त्याला कशापायी मारलंस? दादा, कोण न्हाईच तर नाव कुणाचं सांगू?"

रणवीरनं तिच्या केसांना धरून तिचं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिनं त्याच्या मनगटाला दात लावले तेव्हा तो ओरडून मागं सरला. ओजीच्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरलं. तिला वाटलं, आता आबा ओरडतील.

आबा म्हणजे धैर्यशील वस्ताद. बाबरांच्या तालमीचे तिसऱ्या पिढीचे वस्ताद. गावात पोरींसाठी आखाडा उघडणारे पहिले. "माझी लेक म्हणजे दोन पोरांच्या बरोबरीची," असं माइकवर सांगणारे. ते खुर्चीत बसून होते, हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर.

"सीमेपलीकडं एक जण हाय," ते फरशीलाच म्हणाले. "नावगाव इचारत न्हाय. उद्या दुपारी गाडी काढतो. मोकळं करून आणायचं. मग बघू हिचं काय करायचं ते."

"आबा, माझ्याकडं बघा तरी."

आबांनी बघितलं नाही. तालमीच्या मागच्या खोलीत, तेलाचे डबे आणि माती चाळायच्या चाळणी ठेवतात तिथं, ओजीला कोंडून बाहेरून कडी घातली.

त्याच दुपारी तीन वाजता खिडकीच्या गजांपाशी मुमताजताईंचा चेहरा आला.

"ओजे, जागी हाईस न्हवं?"

"ताई, तुम्ही पण नाव इचारायला आलाय?"

"गप गं. ऐक. पट्टा बांधताना माझा हात लागला तुझ्या पोटाला. गाठ बरगडीच्या खाली हाय, उजवीकडं. आता तूच चाचपून बघ. दिवस गेल्यालं पोट खालनं वर चढत येतं. ही वरनं खाली उतरलीय. वीस वर्षं पोटं चाचपतीय मी, मला कुणी शिकवू नये."

ओजीनं हात लावला. खरंच, उजव्या बरगडीखाली काहीतरी गोल, घट्ट, पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखं होतं. दाबल्यावर तिला कळ आली. इतके दिवस तिला ते पोटाचे स्नायू वाटत होते. ती त्या स्नायूंवर खूशही होती!

"मग सांगा की आबांना!"

"सांगितलं. म्हणाले, मशीनपेक्षा तुझी बोटं शहाणी व्हय? ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर ते आईबापाची सही मागतात. पोलीसपाटील तुझा चुलताच." मुमताजताईंनी आवाज खाली आणला. "आणि उद्या त्या माणसानं न बघता पोटात काय घातलं, काय पाजलं, तर ती गाठ आत फुटंल. असली गाठ फुटली की माणूस दहा मिनिटांत जातंय, ओजे. मी एक बघितलंय, धनगरवस्तीवर. सात वर्षांचं लेकरू."

 ओजीला मरायची भीती वाटली, हो, वाटली. पण त्याच्या वर एक दुसरी भीती चढून बसली. ती मेली असती तर गाव म्हणालं असतं, लाज वाटून मेली.

"पट्टा परत लावला तर?"

"परत लाल. तू पोरगी हाईस, त्याचा डोळा मिटणारच. बाप्याच्या नावानं मात्र त्यो सगळं बघतो. बाप्याच्या पोटात गर्भ असायची काळजीच न्हाय त्याला." मुमताजताई कडवट हसल्या. "पण अंगठा जिवंत लागतो, गरम, नाडी चालू असल्याला. कमरेचं माप पण बघतो, थोराड माणसाचा अंगठा बारीक कमरेवर चालत न्हाय. आणि दुसऱ्याच्या नावावर पट्टा चालवला तर तीन वर्षं तुरुंग. कोण देईल अंगठा?"

रणवीरची कंबर पैलवानाची. बारीक. सरावाला त्याचा जुना कमरपट्टा ओजीनं कितीदा स्वतःच्या कमरेला आवळला होता.

"देणार न्हाय कुणी," ती म्हणाली. "घ्यावा लागंल. पट्टा द्या."

मुमताजताईंनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. त्या क्षणात त्यांची वीस वर्षांची नोकरी, तीन वर्षांचा तुरुंग आणि धनगरवस्तीवरचं ते लेकरू, सगळं एका रांगेत उभं राहून गेलं असणार. मग गजांमधून पट्टा आत आला.

बाबरांच्या तालमीत एक जुनी रीत आहे. ज्याच्यावर आळ आला त्यानं आखाड्यातली माती मुठीत घ्यायची आणि आळ घेणाऱ्याला आत बोलवायचं. हळद, तेल, ताक, लिंबू मुरवलेली ती माती खोट्याला पाठीशी घालत नाही, असं म्हणतात. मूठ उचलल्यावर नाही म्हणायचं नाही, आणि निकाल लागेपर्यंत तिसऱ्यानं मातीत पाय घालायचा नाही. पूर्वी बांधाच्या भांडणासाठी, चोरीच्या आळासाठी लोक मूठ उचलायचे. पोरीनं कधी उचलली नव्हती. पोरीला उचलता येत नाही असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण ते कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ओजीनं दार लाथेनं वाजवायला सुरुवात केली. पाच वाजता, तालीम भरायच्या वेळी. वाजवतच राहिली. शेवटी आबांनी कडी काढली, तेव्हा ती त्यांच्या बगलेखालून निसटून थेट आखाड्यात उतरली आणि मूठ वर केली. लाल माती तिच्या मनगटावरून ओघळली.

तीसेक पैलवान शड्डू ठोकता ठोकता थांबले.

"रणवीर धैर्यशील बाबर," ती ओरडली, "ये मातीत!"

"हिला बाहेर काढा," रणवीर म्हणाला.

"का? फाटली? गदा काय जत्रेतनं इकत घेतली हुतीस?"

कुणीतरी हसलं. ते हसणं रणवीरला चाबकासारखं लागलं. त्यानं शर्ट काढला आणि आत उडी मारली. वस्ताद काठावर बसून राहिले. मूठ उचलली होती. नाही म्हणायचं नव्हतं.

ती कुस्ती नव्हती. कुस्तीत सलामी असते. रणवीरनं पहिला हात घातला तो थेट तोंडावर. ओजीचा ओठ फाटला, दातांना माती लागली. तिनं खाली वाकून, पाय धरून त्याचा पट काढायचा प्रयत्न केला, पण सत्तर किलोचा खांब हलला नाही. त्यानं तिला कमरेत धरून उचललं आणि धोबी कापड आपटतो तशी पालथी आपटली. तिच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. ती उठली. त्यानं परत आपटली. ती परत उठली, आणि उठता उठता तिनं डोक्यानं त्याच्या नाकावर असा घाव घातला, की नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेत ऐकू गेला. रणवीरच्या तोंडावर रक्ताचा पडदा आला. त्यामागून तो हंबरला.

"सांग नाव! सांग, न्हाईतर हितंच पुरतो!"

आणि त्यानं लाथ घातली. पोटात. उजव्या बरगडीखाली.

ओजीच्या आत काहीतरी फुटलं. दुखणं नंतर आलं. आधी आली ती ऊब, जणू कुणी पोटात कोमट पाण्याची कळशी उलटी केली. ती गुडघ्यांवर आली. आता वेळ नाही हे तिला कळलं. दहा मिनिटं, ताई म्हणाल्या होत्या.

ताकदीनं रणवीर मातीला लागणार नव्हता. पण तिला त्याची पाठ नकोच होती! तिला एक अंगठा हवा होता. ती उताणी पडली. अगदी हरल्यासारखी, हात पसरून, गळा उघडा टाकून. जन्मात पहिल्यांदा तिची पाठ मातीला लागली, आणि ती तिनं स्वतःहून लावली.

रणवीर तिच्या मांड्यांवर बसला. दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती आवळले. त्याचं रक्त तिच्या तोंडावर टपकत होतं.

"नाव!"

तिला श्वास येत नव्हता. तालीम लांब लांब चालली होती. तिनं दोन्ही हातांनी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा पकडला, गळ्यापासून सोडवला आणि उलटा पिळला. सगळ्या अंगाची ताकद त्या एका बोटावर. कडाड! रणवीर किंचाळला. तिनं तो लुळा अंगठा खेचत आपल्या बनियनखाली नेला, पोटावर बांधलेल्या पट्ट्याच्या बकलावर, आणि दाबून धरला.

"सोड! सोड, मोडला!"

"हिला काय बांधलंय ते बघा!" कुणीतरी ओरडलं. दोघं-चौघं पैलवान मातीत उतरायला पुढं झाले. आबाही उठले.

आणि संगीता, जी आयुष्यात कधी तालमीच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती, ती आखाड्याच्या काठावर उभी होती. तिच्या हातात दोन्ही हातांनी फिरवायचा लाकडी मुद्गल होता. तो तिनं कसा उचलला हे तिलाही नंतर सांगता आलं नाही.

"मूठ उचललीय," ती म्हणाली. "तिसऱ्यानं मातीत पाय घालायचा न्हाय. तुमचीच रीत हाय न्हवं? जो पाय घालंल त्याचा गुडघा फोडीन."

पुढं झालेले पाय मागं आले. पट्टा गुणगुणला. मग त्याच गोड आवाजात बोलायला लागला.

"नमस्कार, रणवीर धैर्यशील बाबर. वय एकोणीस वर्षे. यकृताच्या उजव्या भागात पाण्याने भरलेली गाठ आढळली आहे. आकार अकरा सेंटिमीटर. गाठीच्या आत सहा लहान गाठी आहेत. हा कुत्र्यांमार्फत पसरणाऱ्या फीतकृमीचा आजार असण्याची शक्यता ब्याण्णव टक्के आहे. गाठीची भिंत फुटलेली दिसते. पोटात द्रव पसरत आहे. जिवाला धोका आहे. ताबडतोब मदत बोलवा. रणवीर, कृपया हालचाल करू नका."

रणवीरनं खाली बघितलं. पट्टा त्याच्या बहिणीच्या पोटावर होता. त्याचं नाव घेऊन तो तिच्या पोटातलं सांगत होता.

"कृमी?" तो म्हणाला. "म्हंजे... जंत?"

ओजीला हसायचं होतं. पण तिच्या अंगभर पित्ताच्या गांधी उठल्या होत्या, ओठ सुजून वांग्यासारखे झाले होते आणि गळा आतून मिटत चालला होता, आता कुणाचे हात नसतानाही. गाठीतलं पाणी रक्ताला विषासारखं लागतं. शरीर इतकं भेदरतं, की शत्रूला मारता मारता स्वतःचाच गळा आवळतं.

मुमताजताई माणसं ढकलत आत घुसल्या. त्यांनी लसीकरणाच्या पेटीतलं, लस अंगावर उठली तर द्यायचं इंजेक्शन ओजीच्या मांडीत खुपसलं, चड्डीच्या कापडावरूनच. "पाय वर धरा तिचं! अरे बघताय काय, पाय धरा!"

पाय आबांनी धरले.

मोठ्या दवाखान्यात तिचं पोट उघडावं लागलं. चार तास. तिसऱ्या दिवशी ती नीट शुद्धीवर आल्यावर डॉक्टर निवेदिता कुलथे खाटेवर टेकल्या आणि वहीत आकृती काढून तिला सगळं सांगितलं. त्यांना पोरांशी पोरांसारखं न बोलण्याची चांगली सवय होती.

"जत्रेला बकरी कापतात. आतडी, काळीज मागे टाकतात. कुत्री खातात. कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून मातीत, कुत्र्याच्या केसांवर. तू कुत्र्याला कुरवाळलंस, हात न धुता भाकरी खाल्लीस. एवढं पुरतं. अंडं यकृतात जाऊन बसतं आणि स्वतःभोवती पाण्याची पिशवी बांधतं. पिशवीत पिल्लू-पिशव्या. वर्षानुवर्षं वाढते."

"पिशवीत पिशवी. म्हणून पट्टा फसला."

"पट्टा फसला नाही. त्याला डोळे मिटायला सांगितलं होतं, त्यानं मिटले." डॉक्टरांनी पेन बंद केलं. "आधी आली असतीस तर पोट फाडावंच लागलं नसतं. आधी गोळ्या. मग एक बारीक सुई, आतलं पाणी ओढून घ्यायचं, खारट पाणी भरायचं, त्यानं कृमी मरतो, ते परत ओढून काढायचं. चार-पाच दिवसांत घरी. आता सहा महिने गोळ्या, वर्षभर कुस्ती बंद, आणि सांडलेल्यातून नवी गाठ उगवत नाही ना, हे बघत राहायचं. ही लाथ कुणी घातली, ते मला कागदावर लिहायचंय."

"रणवीर धैर्यशील बाबर," ओजी म्हणाली. "लिहा. भाऊ."

तिनं पोलिसांनाही तेच सांगितलं. पट्टा कुणी दिला ते मात्र सांगितलं नाही, पण मुमताजताईंनी स्वतःच सांगून टाकलं होतं. त्यांना कामावरून थांबवल्याची नोटीस आली होती, आणि ती नोटीस त्यांनी ओजीच्या खाटेशी बसून मोठ्यानं वाचून दाखवली होती, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. रणवीर प्लॅस्टर घातलेल्या अंगठ्यानिशी आत होता, आणि गाठ त्याच्या नावावर चढल्यामुळं त्याच्या फोनवर रोज सकाळी आरोग्य खात्याचा निरोप येत होता: "रणवीर, आपली कृमीची गोळी घेतलीत का?" पोलीस कोठडीत फोन काढून घेतला होता म्हणून बरं, नाहीतर त्यानं तो गिळला असता.

पाचव्या दिवशी आबा आले. धुतलेला सदरा, हातात टोपी. पाच दिवसांत म्हातारे झालेले. आई खाटेच्या पलीकडे सफरचंद कापत होती, तिनं मान वर केली नाही.

"गावाला माइकवरनं सांगितलं," आबा म्हणाले. "देवळाच्या पारावर उभा राहून. म्हटलं, माझी लेक निर्दोष हाय. धुतल्या तांदळासारखी हाय. मशीन चुकलं. ज्यानं तोंड घातलं त्यानं माफी मागावी. कवठेकर पण आलं हुतं."

ओजी बघत होती. हा माणूस तिच्यासाठी पहाटे चारला उठून बदाम वाटायचा.

"आबा, मशीन चुकलं नसतं तर?"

"म्हंजे?"

"पट्टा लाल झाला ते तुम्हाला वाटलं तसंच असतं, खरंच. तर?"

"तसलं तोंडातनं काढू नको."

"काढणार. मला कळू दे. दादानं गळा धरला हुता. तुम्ही काठावर हुता. पट्टा बोलला म्हणून तुम्ही माझं पाय धरलं. न्हाईतर काय धरलं असतं?"

आबांच्या हातातली टोपी फिरायची थांबली.   नर्स सलाईन बदलायला आली, तिनं दोघांकडे बघितलं.

"यांना बाहेर बसवू का?"

"नको," ओजी म्हणाली. "बसू द्या. त्यांचं उत्तर यायचंय."

सलाईन थेंबथेंब पडत राहिलं. शेजारच्या खाटेवरचं बाळ रडून झोपलं. आबा बसून होते. आखाड्यात त्यांनी हजार पोरांना शिकवलं होतं, की पकडीत सापडलास तर आधी श्वास घे, मग विचार कर. त्यांनी श्वास घेतला. पुढचं काही आलं नाही.

भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. ते उठले, दारापर्यंत गेले, तिथं थोडा वेळ थांबले, आणि मग खरंच गेले.

ओजीनं छताकडे बघितलं. टाके ओढत होते. रडलं तर आणखी ओढतात, हे तिला कालच कळलं होतं, म्हणून ती रडली नाही.

"आई, इथनं सुटले की मी मुमताजताईंकडं राहणार. उत्तर येईपर्यंत. माझी कापडं तिकडं नेऊन ठेव."

संगीतानं सफरचंदाची फोड तिच्या तोंडापाशी धरली.

"कालच ठेवली," ती म्हणाली. "दोघींची."